बंक बेडचा ट्रॅव्हल ट्रेलर निवडताना: सुरुवात गाडीच्या दारापासून

अमेरिकेत मुलांना घेऊन राष्ट्रीय उद्यानं बघत हिंडायचं ठरलं, की कधी ना कधी ट्रॅव्हल ट्रेलरचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, विचार मनात येतोच. घरात दोन-तीन मुलं असतील तर शोध बहुधा 'बंकहाउस' रचनेपाशी येऊन थांबतो. एका टोकाला आईवडिलांचा पलंग, दुसऱ्या टोकाला एकावर एक बंक, मध्ये ओटा, टेबल आणि सोफा. नव्याने शोधणारे बहुतेक जण फोटो आणि ट्रेलरच्या आतल्या रचनेचे नकाशे बघून सुरुवात करतात. जाहिरातीत 'दहा जणांची झोपण्याची सोय' असं लिहिलेलं असतं आणि तोच आकडा डोक्यात बसतो. त्यात टेबल खाली पाडून केलेली गादी आणि उलगडलेला सोफाही धरलेला असतो. म्हणजे तेवढे दहा जण झोपले, तर सकाळी उठून बसायला जागा उरत नाही.

तो आकडा बाजूला ठेवा आणि दोन प्रश्नांवरून निवड करा. आपली गाडी किती वजन पेलते? आणि आपलं प्रत्येक मूल पाच वर्षांनी कुठे झोपेल? या दोन्हींची उत्तरं मिळाली की शेकडो मॉडेलांमधून मोजकेच ट्रेलर उरतात, आणि मग फोटो बघायला खरी मजा येते.

पहिली पायरी: गाडीचं दार उघडा

डीलरकडे जाण्याआधी आपल्या गाडीचं चालकाच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचं एक लेबल असतं. त्यावर लिहिलेलं असतं, की प्रवासी आणि सामान यांचं एकूण वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हा तुमच्या गाडीचा पेलोड. तो त्याच एका गाडीचा असतो. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या गाडीला सनरूफ किंवा जास्तीच्या सोयी असतील तर त्याचा आकडा वेगळा निघतो. या लेबलचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. सगळ्या खरेदीत याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

जाहिरातीतला 'टो रेटिंग'चा आकडा याहून पुष्कळ मोठा आणि मोहात पाडणारा असतो. '९,००० पौंड ओढते' हे खोटं नसतं. पण हे आकडे वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या ज्या जे२८०७ मानकानुसार काढतात, त्यात गाडीत फक्त चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, असं धरलेलं असतं. मागच्या सीटवरची मुलं, कूलर, सायकली, कुत्रा, यातलं काहीच त्यात नसतं. कुटुंब घेऊन निघालेल्या गाडीची मर्यादा ओढण्याच्या ताकदीआधी पेलोडपाशीच संपते, आणि नवख्या माणसाला हे बहुधा कुणी सांगत नाही.

कारण असं, की ट्रेलरचं थोडं वजन गाडीच्या मागच्या भागावर टेकलेलं असतं. त्याला टंग वेट म्हणतात. सामान भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, असावं लागतं. ते कमी असेल तर ट्रेलर वेगात असताना डावीउजवीकडे झोलायला लागतो. म्हणून ते कमी करून चालत नाही, आणि ते सगळं पेलोडमधून वजा होतं.

एक हिशोब मांडून बघू. पिकअपच्या दारावर १,५५० पौंड लिहिलंय. मनात भरलेल्या ट्रेलरचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून होऊ शकणारं कमाल वजन, ७,००० पौंड आहे. त्याचे १३ टक्के धरले तर टंग वेट ९१० पौंड. वजन गाडीच्या आणि ट्रेलरच्या आसांवर वाटून देणारा हिच ९० पौंड. आईवडील आणि दोन मुलं मिळून ४२०. बेरीज १,४२०. पिकअपच्या मागच्या भागात टाकायच्या सामानासाठी उरले १३० पौंड. चौघांचं कसंबसं जमलं. पण उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा आले आणि तेही बरोबर निघाले, तर मर्यादा ओलांडलीच. आपल्याकडे तर सहा महिन्यांसाठी आईवडील येणं ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा हिशोब चौघांचा न करता गाडीत जास्तीत जास्त जेवढी माणसं बसणार असतील तेवढ्यांचा करा.

हिशोबात ट्रेलरचं 'कोरडं वजन' कधीच धरू नका. ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. माहितीपत्रकातलं हिच वेट, म्हणजे टंग वेटच, तेही असंच. बऱ्याचदा त्यात बॅटरी आणि भरलेले प्रोपेनचे सिलिंडर धरलेले नसतात, आणि या दोन्ही वस्तू नेमक्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे हिचच्या जवळ बसवलेल्या असतात. विक्रेता कोरडं वजन सांगेल. तुम्ही जीव्हीडब्ल्यूआर विचारा आणि त्यावरच बेरीज करा.

पेलोडशिवाय अजून दोन आकडे बघायचे. हिच रिसीव्हरवर, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या गाडीमागच्या चौकोनी नळीवर, स्वतःचं लेबल असतं. त्यावर वजन वाटून देणारा हिच लावला तर किती आणि न लावता किती, अशा दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात. दुसरं म्हणजे गाडीच्या मॅन्युअलमधला टोइंगचा भाग. मिनीव्हॅन साधारण ३,५०० पौंड ओढतात, तीन रांगांच्या बऱ्याच एसयूव्ही ५,००० पौंड. पण काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या पुढच्या भागाच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते, कारण उंच सपाट भिंतीला होणारा वाऱ्याचा विरोध वजनाइतकाच इंजिनाला जड जातो. उंच बंकहाउस या मर्यादेत अडकू शकतो, वजनात बसत असला तरी.

एसयूव्ही असेल तर निराश होऊ नका. १७-१८ फुटी, जीव्हीडब्ल्यूआर ४,००० पौंडांच्या आसपास असलेले छोटे बंक ट्रेलर मिळतात. त्यात स्लाइड-आउट (भिंतीचा बाहेर सरकणारा तुकडा) नसतो, टेबल छोटं असतं, पण दोन लहान मुलांच्या कुटुंबाला पुरतं. आधी ट्रेलर घेऊ, गाडीचं नंतर बघू, हा क्रम मात्र मोडून काढा. त्यात ट्रेलरच्या मागोमाग नवा पिकअप घ्यावा लागतो आणि सगळं अंदाजपत्रक कोलमडतं.

दुसरी पायरी: बंक मोजा, मुलांना झोपवून बघा

टेप घेऊन जा, आणि मुलांनाही घेऊन जा. नकाशात 'बंक' या एकाच शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू येतात. एकेरी बंक साधारण २८ ते ३० इंच रुंद असतो. घरच्या ट्विन पलंगाची रुंदी ३८ इंच असते, त्यापेक्षा बराच अरुंद. दुहेरी बंक ५० इंचांच्या आसपास रुंद असतो. लांबी बहुधा ७२ ते ७५ इंच. आज चौथीतल्या मुलाला ७२ इंच ऐसपैस वाटतील, पण तोच मुलगा हायस्कूलमध्ये गेला, साडेपाच-पावणेसहा फूट झाला, की उशी ठेवल्यावर पाय भिंतीला टेकतात. ट्रेलर सात-आठ वर्षं वापरायचा तर त्याच्या शेवटच्या वर्षातली उंची धरा.

मुलाला बंकवर बसवून बघा. खालच्या बंकवर ताठ बसता येतं का, डोकं वर आपटतं का? वरच्या बंकवर पालथं पडून पुस्तक वाचता येतं का? पावसाळी दिवशी मुलं तासन्तास तिथेच असतात. जिथे फक्त सरपटत शिरता येतं अशा बंकवर ती दिवसा राहत नाहीत; सगळी टेबलाभोवती जमतात आणि तुमच्या मोठ्या ट्रेलरचा अर्धा भाग वाया जातो.

बंकची वजन मर्यादा लेबलवर लिहिलेली असते. एकेरी बंकला १५० पौंड आणि दुहेरीला ३०० पौंड हे आकडे बरेचदा दिसतात. किशोरवयीन मुलगा १५० पौंडांपर्यंत सहज जातो. लेबल दिसलं नाही तर विक्रेत्याकडून आकडा लेखी घ्या. वरच्या बंकखालची फळी हाताने दाबून बघा, टेकू भिंतीच्या चौकटीत बसवलाय की नुसत्या पातळ पॅनेलला स्क्रू मारलेत, तेही बघा.

सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बंकवर झोपवू नये. घरगुती बंक बेडवर ही सूचना लिहिणं अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बंधनकारक केलं आहे. त्याच नियमांत कठडा गादीच्या वरच्या पातळीपेक्षा किमान ५ इंच उंच असावा आणि कठड्यातली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी नसावी, असं आहे. ट्रेलरमधला बंकही याच मापाने तपासा. अनेक ट्रेलरमध्ये कठडा नावापुरता, बोटभर उंचीचा असतो. शिवाय ट्रेलरबरोबर येणारी गादी पातळ असते, म्हणून हौसेने सहा इंची जाड गादी आणली की होता तो कठडाही गादीखाली जातो. जाड गादी घालायची असेल तर ती खालच्या बंकला घाला. वरच्याला पातळच पण चांगल्या फोमची, आणि कडेला घट्ट बांधलेली जाळी किंवा जास्तीचा कठडा.

आता बंकच्या जवळची खिडकी बघा. आरव्हींच्या, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांच्या, सुरक्षेसाठी अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं एनएफपीए ११९२ हे मानक आहे आणि त्यानुसार ट्रेलरला मुख्य दाराखेरीज बाहेर पडायची आणखी एक वाट लागते. बहुधा ती म्हणजे लाल कड्यांची, पूर्ण उघडणारी खिडकी. प्रश्न असा, की ती मुलांच्या बाजूला आहे की आईवडिलांच्या पलंगाशी? ओटा ट्रेलरच्या मध्यभागी असतो. आग तिथे लागली तर मुलं एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला अडकता. ज्या रचनेत बंकपाशीच बाहेर पडण्याची खिडकी किंवा दुसरं दार आहे, तिला मी बाकी सगळ्या सोयींपेक्षा जास्त गुण देते. ट्रेलर घेतल्यावर मुलांकडून ती खिडकी खरोखर उघडून घ्या. नव्या ट्रेलरमध्ये रबर चिकटलेलं असतं आणि लहान हातांना कडी ओढत नाही, हे आधी कळलेलं बरं.

बंकच्या कोपऱ्यात हीटरची हवा पोचते का, एसीचं एखादं तोंड आहे का, प्रत्येक बंकला स्वतःचा दिवा आणि चार्जिंगची जागा आहे का, हे पटकन बघून घ्या. बंक बाहेरच्या भिंतीला लागून असतात, त्यामुळे थंडीत सगळ्यात गार आणि उन्हात सगळ्यात गरम तीच जागा असते.

कोणती रचना कुणाला

मागच्या कोपऱ्यात दुहेरीवर दुहेरी बंक आणि शेजारी बाथरूम, ही सगळ्यात जास्त दिसणारी रचना आहे. दोन मुलांच्या कुटुंबाला मी तीच सुचवते. प्रत्येकाला ऐसपैस जागा मिळते, चुलतभाऊ बरोबर आला तर सामावतो, आणि आजी आल्या तर दोन्ही मुलांना वर झोपवून खालचा बंक त्यांना देता येतो. बाथरूम मागे आणि त्याला बाहेरून दार असेल तर चिखलाचे पाय आतून फिरत नाहीत.

तीन-चार मुलांसाठी मागे वेगळी खोली असलेले ट्रेलर येतात: एका बाजूला दोन बंक, समोर सोफा आणि त्याच्यावर घडीचा बंक. दार लावता येतं, म्हणजे मुलं आठ वाजता झोपली तरी आईवडील पुढे दिवा लावून बसू शकतात. हा फायदा कागदावर दिसत नाही आणि पहिल्याच रात्री कळतो. पण असे ट्रेलर ३० फुटांच्या पुढे जातात आणि वजन ७,५०० पौंडांपलीकडे. चार जणांच्या कुटुंबाने 'असू दे जास्तीची जागा' म्हणून ही रचना घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या खोलीचं वजन आणि लांबी प्रत्येक मैलावर आणि प्रत्येक वळणावर बरोबर येते.

तान्हं मूल असेल तर बंकच्या खालची जागा मोजा. खालचा बंक वर उचलता येत असेल तर तिथे फोल्डिंग पाळणा मावतो. आणि आईवडिलांचा पलंग भिंतीत आडवा बसवलेला आहे की दोन्ही बाजूंनी उतरता येतं, तेही बघा. आडव्या पलंगावर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. लहान मूल रात्री तीनदा उठतं तेव्हा याचा फार त्रास होतो. आजी-आजोबांना तर असा पलंग देऊच नये; त्यांना जमिनीलगतचा, बाथरूमजवळचा पलंग लागतो.

स्लाइड-आउट, म्हणजे भिंतीचा तुकडा बाहेर सरकून जागा वाढवणारी सोय. मुलांना खेळायला मधली जमीन मोकळी मिळते, त्यामुळे लांब मुक्कामाला ती हवीशी वाटते. पण ती वजन वाढवते, आणि तिच्या रबरी कडांतून पाणी शिरू शकतं. विकत घेण्याआधी एक परीक्षा नक्की करा: विक्रेत्याला स्लाइड आत घ्यायला सांगा आणि मग आत शिरा. बाथरूमपर्यंत जाता येतं का? फ्रिजचं दार उघडतं का? बंकपर्यंत पोचता येतं का? रस्त्यात थांबून मुलाला बाथरूमला न्यायचं असतं तेव्हा पार्किंगमध्ये स्लाइड उघडायला जागा नसते. ज्या ट्रेलरमध्ये स्लाइड आत असताना बाथरूम बंद पडतं, तो लहान मुलांच्या घराला गैरसोयीचा.

प्रवास चालू असताना मुलांना ट्रेलरमध्ये बसवायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच. तिथे सीटबेल्ट नाहीत. मुलं गाडीतच, आपापल्या सीटवर.

तिसरी पायरी: लांबी, आणि तुम्हाला जायचंय कुठे

मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे ट्रेलरची लांबी, असं समजू नका. हिचच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंतची एकूण लांबी त्याहून तीन-चार फूट जास्त असते, आणि कॅम्पग्राउंडच्या नियमांत तीच धरतात.

राष्ट्रीय उद्यानांतली बरीच कॅम्पग्राउंड फार पूर्वी, छोट्या ट्रेलरांच्या काळात आखलेली आहेत. योसेमिटीच्या अपर पाइन्समध्ये ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे. ग्लेशियरच्या गोइंग-टु-द-सन रस्त्याच्या मुख्य भागावर २१ फुटांपेक्षा लांब वाहन, ट्रेलर धरून, चालतच नाही. ट्रेलर कॅम्पवर सोडून नुसत्या गाडीने जावं लागतं. झायनच्या मोठ्या बोगद्यातून ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद वाहन नेहमीच्या वाहतुकीबरोबर जाऊ शकत नाही, आणि बहुतेक बंकहाउस ८ फूट रुंद असतात. तुमच्या यादीतली चार-पाच ठिकाणं रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर उघडून जागांच्या लांबीचे आकडे बघा. माझ्या मते कुटुंबासाठी एकूण लांबी २५ ते २८ फुटांत ठेवली तर बंकही नीट मिळतात आणि फार दारं बंद होत नाहीत. खासगी आरव्ही पार्कमध्येच राहणार असाल तर लांबीची एवढी चिंता नको.

पाणी आणि वीज

मुलं असलेल्या घराला पिण्याच्या पाण्यापेक्षा सांडपाण्याच्या टाक्या आधी पुरत नाहीत. भांडी आणि आंघोळीचं पाणी ज्या ग्रे टाकीत जातं ती सगळ्यात लवकर भरते. पाच जणांच्या आंघोळींना ३० गॅलनची ग्रे टाकी एका दिवसात भरू शकते. कॅम्पवर सांडपाण्याची जोडणी नसेल तर टाकीचा आकार महत्त्वाचा; सगळ्या जोडण्या असलेल्या जागीच उतरणार असाल तर नाही. बाथरूममध्ये छोटासा टब असला तर लहान मुलांची आंघोळ सोपी होते, नुसत्या शॉवरमध्ये ती फार अवघड.

पाण्याचं वजन विसरू नका. एक गॅलन म्हणजे सुमारे ८.३ पौंड. ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३० पौंड वाढले. ट्रेलरच्या दारापाशी पिवळं लेबल असतं, त्यावर ट्रेलरमध्ये किती वजनाचं सामान चालेल ते लिहिलेलं असतं आणि भरलेल्या पाण्याचं वजनही दिलेलं असतं. ते सामान म्हणूनच मोजायचं. बंकहाउसमध्ये ही क्षमता १,००० पौंडांच्या खाली असेल तर मी तो ट्रेलर सोडून देईन, कारण पाच जणांचे कपडे, अंथरुणं, भांडी, खाणं, खुर्च्या आणि पाणी यांना तेवढं लागतंच.

विजेची जोडणी ३० अँपिअरची की ५० ची, हेही विचारा. ३० अँपिअरवर एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा विजेचा हीटर एकदम लावला की ब्रेकर पडतो. एक एसी पुरणाऱ्या ट्रेलरला ३० अँपिअर ठीक. ॲरिझोना-टेक्ससच्या उन्हात ३० फुटी ट्रेलर नेणार असाल तर दोन एसी आणि ५० अँपिअर लागतील.

नवा की वापरलेला

देशातले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात, आणि शोरूममध्ये डझनावारी नावं दिसली तरी मालक मोजकेच आहेत. जेको, कीस्टोन आणि एअरस्ट्रीम थोर इंडस्ट्रीजचे, ग्रँड डिझाइन विनेबेगोचं, आणि फॉरेस्ट रिव्हर बर्कशायर हॅथवेचं. म्हणून नावावर वाद घालत बसण्यापेक्षा तुमच्या घराजवळच्या डीलरची दुरुस्तीची सेवा कशी आहे, काम करून द्यायला किती आठवडे लागतात, हे तिथल्या ग्राहकांना विचारा. नव्या ट्रेलरमध्येही पहिल्या वर्षी छोट्या दुरुस्त्या निघतातच.

पहिला ट्रेलर तीन ते पाच वर्षं वापरलेला घ्यावा, असं मला वाटतं. किंमत पहिल्या वर्षांत झपाट्याने उतरते, आणि सुरुवातीच्या दुरुस्त्या आधीच्या मालकाने करून घेतलेल्या असतात. शिवाय आरव्हीची कर्जं दहा-पंधरा वर्षांचीही मिळतात. मासिक हप्ता छोटा दिसतो, पण विकायच्या वेळी कर्ज किमतीपेक्षा जास्त उरलेलं असू शकतं.

वापरलेल्या ट्रेलरचा खरा शत्रू पाणी. बंकच्या गाद्या उचला आणि खालची फळी, मागचे दोन्ही कोपरे, खिडकीखालची भिंत हाताने दाबा. मऊ लागलं, डाग दिसला, कुबट वास आला, तर आत लाकूड कुजलेलं असण्याची शक्यता मोठी. मागच्या कोपऱ्यांत वरचं छत आणि दोन भिंती जुळतात, त्यामुळे गळती तिथे हमखास शोधावी. फायबरग्लासच्या बाहेरच्या भिंतीवर तिरप्या प्रकाशात बघा. फुगवटा दिसला तर थर सुटायला लागलेत. छतावर चढून सांध्यांवरचं सीलंट भेगाळलंय का बघा. ओलावा मोजायचं साधं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते बरोबर न्या. टायरच्या बाजूला छापलेल्या डीओटी (परिवहन खात्याच्या) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षात बनला ते: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांचे असतील तर नक्षी नवीकोरी दिसली तरी बदलायचे. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मुदतीची तारीख असते, तीही बघा.

इतकं सगळं स्वतः तपासण्याचा विश्वास नसेल तर राष्ट्रीय आरव्ही निरीक्षक संघटनेकडून प्रमाणित निरीक्षक मिळतात. त्यांची फी जास्त वाटली तरी द्या. नवा ट्रेलर घेतानाही ताबा घ्यायच्या दिवशी घाई करू नका: पाणी, गॅस, हीटर, एसी, फ्रिज, स्लाइड, सगळं चालू करून बघा, प्रत्येक नळ उघडा, मगच सही करा.

त्याआधी एकदा भाड्याने घेऊन बघता आलं तर फारच चांगलं. आउटडोर्सी किंवा आरव्हीशेअर या संकेतस्थळांवर लोक स्वतःचे ट्रेलर भाड्याने देतात, आणि काही मालक ट्रेलर कॅम्पवर आणून उभाही करून देतात. म्हणजे गाडीची चिंता न करता बंकवर मुलं कशी झोपतात ते कळतं.

ओढण्याची तयारी

विजेवर चालणारे ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवायला ब्रेक कंट्रोलर लागतो. अनेक पिकअपमध्ये तो कंपनीकडूनच येतो. नसेल तर बसवून घ्या. बंकहाउसला वजन वाटून देणारा आणि झोल आवरणारा हिच घ्या आणि तो तुमच्या वजनाप्रमाणे जुळवून घ्या. नुसता बसवला आणि जुळवला नाही तर त्याचा उपयोग नाही.

बंकहाउसमध्ये एक खास धोका असतो. बंक मागच्या टोकाला, त्यामुळे निघताना सगळे जण खुर्च्या, खेळणी, पाण्याचे कॅन, सायकली बंकवरच टाकतात. मागचं वजन वाढलं की हिचवरचं कमी होतं, आणि महामार्गावर ट्रेलर झोलायला लागतो. जड सामान चाकांच्या आसाच्या पुढे, जमिनीलगत ठेवा; बंकवर फक्त अंथरुणं आणि हलक्या वस्तू. तरीही झोल आलाच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर हळूच सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावा. हे दोघांनाही, चालवणाऱ्याला आणि शेजारी बसणाऱ्यालाही, आधीच माहीत हवं.

वेगही आवरा. ट्रेलरच्या अनेक टायरांची मर्यादा ६५ मैल असते, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ च्या वर जाता येत नाही.

मागे घ्यायचा सराव रिकाम्या पार्किंगमध्ये करा. स्टिअरिंगचा खालचा भाग धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. बाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराशी फोनवर किंवा वॉकीटॉकीवर बोला. तो आरशात दिसेनासा झाला की लगेच थांबायचं, हा नियम मुलं आसपास असताना कधीही मोडायचा नाही.

पहिली सहल घरापासून दोन-तीन तासांवरच्या, सगळ्या जोडण्या असलेल्या कॅम्पग्राउंडवर ठेवा. ट्रेलर पूर्ण भरून, सगळ्यांना गाडीत बसवून, वाटेतल्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर वजन करा. मोजक्या डॉलरांत गाडीचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस असे तीन आकडे छापून मिळतात. ते दारांच्या लेबलांवरच्या आकड्यांशी ताडून बघा. टंग वेट किती पडलं ते काढायला परतीच्या वेळी ट्रेलर सोडून, त्याच माणसांसह आणि सामानासह गाडी पुन्हा काट्यावर घ्या. दोन्ही वेळच्या गाडीच्या आसांवरच्या वजनांतला फरक म्हणजे हिचवर टेकलेलं वजन, पण ट्रेलर जोडून वजन करताना हिचच्या वजन वाटणाऱ्या दांड्या सोडवलेल्या असतील तरच; नाहीतर त्यातला काही भार ट्रेलरच्या आसांवर गेलेला असतो. ते दहा टक्क्यांच्या खाली असेल तर बंकखालचं सामान पुढे आणा, पंधराच्या वर असेल तर पुढच्या कप्प्यातलं काही मागे न्या, आणि पुढच्या सहलीआधी पुन्हा मोजा.

घरी पोचल्यावर बंकच्या गाद्या उभ्या करून ठेवा. रात्रभरच्या श्वासांचा ओलावा गादी आणि फळी यांच्यामध्ये साठतो, आणि चार दिवस तसाच राहिला की बुरशी धरते. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळीची चटई घातली, रात्री छतावरचा पंखा हळू चालवून एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवली, की हा त्रास बराच कमी होतो.